गुडघा बरा झाला, खेळाडूचे काय?

मैदानावर झालेली दुखापत सर्वांना दिसते. खेळाडू कोसळतो, चार जण त्याला उचलून बाहेर आणतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर्गांतून त्याची चर्चा होते. त्यानंतरचे आठ-दहा महिने मात्र कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. मग एके दिवशी तोच खेळाडू पुन्हा गणवेश चढवून मैदानात उतरतो. आता हा बरा झाला, तेव्हा जिथे थांबला होता तिथूनच त्याने पुढे सुरुवात करावी, अशी पाहणाऱ्यांची साधी अपेक्षा असते. तसे घडत नाही. तो अर्धे पाऊल मागे पडतो, सोपा चेंडू त्याच्या हातून निसटतो, उडी मारण्याच्या वेळी तो उभाच राहतो. मग कडेला बसलेल्यांपैकी कोणी तरी म्हणतो, "घाबरला रे हा!"

आपल्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाचा सेंटर यंदा याच अनुभवातून जात आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी तो मैदानात परतला. त्याच्या गैरहजेरीत सेंटरच्या जागेवर मी खेळत होतो, म्हणून हा प्रकार मला फार जवळून पाहायला मिळाला. तो घाबरला आहे काय? असल्यास का? आणि बरा झालेला गुडघा आणि खेळायला तयार असलेला खेळाडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे शोधताना जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते या लेखात मांडण्याचा विचार आहे. त्याची परवानगी घेऊनच लिहीत आहे. नाव मात्र त्याच्याच इच्छेवरून देत नाही.

आपल्या तालुक्यात कबड्डी आणि क्रिकेट सर्वांना ठाऊक आहे. बास्केटबॉलचे तसे नाही, म्हणून आधी सेंटर म्हणजे कोण ते सांगतो. हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात आणि कडे जमिनीपासून दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंचीवर असते. सेंटर हा सामान्यतः संघातला सर्वांत उंच खेळाडू. त्याची जागा कड्याजवळ. आपल्याकडे चेंडू असला की प्रतिस्पर्ध्याला पाठ लावून उभे राहायचे, चेंडू घ्यायचा, वळायचे आणि टाकायचा. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असला की कड्याच्या वाटेत उभे राहायचे. नेम चुकून चेंडू उडाला की त्यासाठी उंच उडी घ्यायची. म्हणजे सगळा वेळ ढकलाढकली, उडी आणि उडीवरून खाली येणे. त्यातही खाली येताना मोकळी जमीन क्वचितच मिळते. पायाखाली चार जणांचे पाय असतात, नजर वर चेंडूकडे असते आणि पाय जमिनीला लागताक्षणी पुन्हा वळायचे असते. मोठ्या शरीराचा खेळाडू आणि गर्दीची जागा, हा योग गुडघ्याला फारसा मानवणारा नाही.

गुडघ्यात वर मांडीचे हाड आणि खाली नडगीचे हाड असते, समोर वाटी असते. ही दोन मोठी हाडे एकमेकांत कुठे अडकवलेली नाहीत. दाराची बिजागरी खिळ्यांनी पक्की असते, तसे येथे काही नाही. हाडांना जागेवर धरून ठेवतात ते अस्थिबंध, ज्यांना आपण सर्रास 'लिगामेंट' म्हणतो. त्यांपैकी दोन गुडघ्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. पुढच्याला डॉक्टर 'ए.सी.एल.' म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघा नको तितका पिळू न देणे, ही त्याची मुख्य कामे. धावता धावता एकदम थांबणे, दिशा बदलणे, उडीवरून वाकड्या पायावर उतरणे, अशा वेळी सगळा ताण त्याच्यावर येतो आणि तो तुटतो.

आमच्या सेंटरला दुखापत झाली तेव्हा पुष्कळांनी विचारले, "कोणी ढकलले?" त्याला कोणीही ढकलले नव्हते. तो एकटाच चेंडूसाठी उडाला, उजव्या पायावर आला, गुडघा आत वळला आणि तो खाली बसला. 'आत काही तरी तुटल्यासारखा आवाज झाला,' एवढेच तो नंतर सांगत असे. यात नवल काही नाही. या प्रकारच्या बहुसंख्य दुखापती कोणाचा धक्का न लागताच होतात. पण धक्का मारणारा कोणी नसला की लोकांना ती दुखापत खरी वाटत नाही, ही मात्र नवलाची गोष्ट आहे.

हाड मोडले तर प्लास्टरमध्ये सांधते. हा अस्थिबंध पूर्ण तुटला की बहुधा आपोआप नीट जुळून येत नाही. म्हणून खेळाडूंच्या बाबतीत पुष्कळदा शस्त्रक्रिया करतात. तुटलेली दोन टोके केवळ शिवून भागत नाही. त्याच माणसाच्या मांडीच्या मागची किंवा वाटीखालची कंडरा काढून घेतात, दोन्ही हाडांना भोके पाडतात आणि त्यांतून ती कंडरा ओवून पक्की करतात. म्हणजे एका कामाची दोरी दुसऱ्या कामाला लावली जाते. तिने हाडात रुजायला हवे, तिच्यात नव्याने रक्तवाहिन्या यायला हव्यात आणि नव्या कामाला योग्य अशी तिची घडण व्हायला हवी. येथे एक गंमत आहे. बसवली त्या दिवशी ही कंडरा बरीच मजबूत असते. पुढे आतल्या आत तिची मोडतोड आणि नवी घडण सुरू झाली, की काही आठवडे ती आणखी दुबळी होते. नेमक्या त्याच सुमारास सूज ओसरलेली असते, दुखणे थांबलेले असते, माणूस काठीशिवाय चालू लागलेला असतो. घरच्यांना आणि मित्रांना वाटते, झाला बरा! आतली दोरी मात्र त्या वेळी सर्वांत कच्ची असते.

हे काम महिन्यांनीच मोजावे लागते. नॉर्वे आणि अमेरिका येथील खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितका गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्यागणिक सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे त्यात आढळले. म्हणून आज बहुतेक ठिकाणी नऊ महिन्यांच्या आत सामना खेळू नये असे सांगतात. त्यानंतरही केवळ तारीख पाहून चालत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे, एका पायावर मारलेली उडी दोन्ही पायांनी जवळपास सारखीच लांब गेली पाहिजे, अशा कसोट्या लावतात.

ताकदीचा हा मुद्दा मला लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर नीट समजला. आमचा सेंटर लेण्याद्रीच्या पायथ्याकडच्या भागातला. जुन्नरहून कुकडी ओलांडून उत्तरेला गेले की डोंगराच्या कड्यात कोरलेली लेण्यांची रांग दिसते. ही बौद्ध लेणी, आणि त्यांतल्या सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज. तो मोठा मंडप एकाही खांबाशिवाय उभा आहे, हे आपण सहलीत पाहिलेच असेल. तिथवर पोचायला पावणेतीनशेंहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टने सातव्या महिन्यात त्याला पायऱ्यांची परवानगी दिली आणि सोबत म्हणून मी जाऊ लागलो.

माझी समजूत अशी की चढणे कठीण आणि उतरणे सोपे. दमाच्या दृष्टीने ते खरेच आहे. गुडघ्याच्या दृष्टीने उलट आहे. पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार पडतो. शिवाय चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो, तर उतरताना तोच स्नायू लांब होत होत शरीराला आवरून धरतो. भरलेला हंडा डोक्यावर चढवणे एक आणि न सांडता हळूच खाली ठेवणे दुसरे, तसा हा फरक. उडीवरून खाली येताना स्नायूचे काम हे दुसऱ्या जातीचे असते, फक्त क्षणार्धात आणि कितीतरी जास्त भाराखाली. ज्याला पायरी सावकाश उतरता येत नाही, त्याला उडीवरून नीट उतरता येणार नाही.

लेण्याद्रीला येणारी वयस्क माणसे उतरताना पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. ज्याचा गुडघा दुखतो तो माणूस उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकतो. वरवर हे उलटे वाटते. पण दुखरा पाय आधी खाली गेला म्हणजे वाकून भार तोलण्याचे काम वरच्या पायरीवरच्या चांगल्या पायाला करावे लागते. हे कोणी शिकवावे लागत नाही, शरीर आपणहून शिकते. आमचा सेंटरही पहिल्या दिवशी तसाच उतरला, दर पायरीला उजवा पाय आधी. फिजिओथेरपिस्टने नेमके उलट करायला सांगितले होते. डावा, म्हणजे चांगला पाय आधी खाली टाकायचा आणि उजव्याने वर राहून वाकायचे. पहिल्या खेपेला वीस पायऱ्यांतच त्याची मांडी थरथरू लागली. आमच्या शेजारून एक आजीबाई काठी टेकत पुढे निघून गेल्या.

सहा महिन्यांच्या व्यायामानंतरही हा मांडीचा स्नायू एवढा दुबळा का? पाय वापरला नाही म्हणून स्नायू सुकतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक चमत्कारिक आहे. गुडघ्यात सूज किंवा इजा असली की मज्जासंस्था त्या स्नायूला पूर्ण हुकूम देईनाशी होते. माणूस मनापासून जोर लावतो, तरी स्नायूचा काही भाग कामाला लागतच नाही. दुखऱ्या सांध्यावर कोणी जास्त भार टाकू नये म्हणून शरीराने केलेली ही व्यवस्था आहे. सूज गेली तरी ही सवय लवकर सुटत नाही. अशा खेळाडूला 'जोर लाव' म्हणून ओरडण्यात अर्थ नसतो. तो लावतच असतो. हुकूमच वाटेत अडतो.

याच्या जोडीला आणखी एक उणीव राहते. अस्थिबंध ही नुसती दोरी नव्हे. तिच्यात ताणाची जाणीव देणारी सूक्ष्म संवेदनाग्रे असतात. डोळे मिटूनही आपला गुडघा किती वाकला आहे हे आपल्याला कळते, त्यात त्यांचा वाटा असतो. मूळ अस्थिबंध गेला की ही खबर देणाऱ्यांपैकी काही जण जातात. बसवलेली कंडरा हाडे धरून ठेवते, पण खबर पूर्वीसारखी देत नाही. म्हणून खेळाडू डोळ्यांनी ती उणीव भरून काढतो, म्हणजे कुठे पाय टाकायचा ते पाहू लागतो. सेंटरला हे परवडत नाही. त्याची नजर वर कड्याकडे हवी. आमचा सेंटर परतल्यावर पहिल्या सामन्यात चेंडू सुटला की क्षणभर खाली पाहत असे. त्या क्षणात चेंडू दुसऱ्याच्या हातात गेलेला असे. कडेने ज्यांनी पाहिले त्यांना वाटले, याचे लक्ष नाही. वास्तविक त्याचे लक्ष नको तिथे नको तेवढे होते.

आता भीतीबद्दल. भीती असते, हे नाकारण्याचे कारण नाही. २०१४ साली या शस्त्रक्रियेनंतरच्या खेळाडूंच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. शंभरांपैकी सुमारे ८१ जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले होते. पूर्वीच्या दर्जाला पोचले ते सुमारे ६५, आणि चढाओढीच्या सामन्यांत परतले ते केवळ सुमारे ५५. ज्यांचे गुडघे तपासणीत ठीक ठरतात असेही अनेक जण मागे राहतात, आणि पुन्हा इजा होण्याची धास्ती हे त्यामागचे एक मोठे कारण मानतात. मला वाटते, या धास्तीला भित्रेपणा म्हणणे चूक आहे. ज्या क्षणी काहीही वावगे केले नव्हते, कोणी धक्का मारला नव्हता, त्या क्षणी आपला पाय आपल्याला दगा देऊन गेला, असा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याने पुढची उडी मोजून मारली तर ते शहाणपणाचे लक्षण आहे. अडचण एवढीच, की मोजून मारलेली उडी उशिरा पडते, आणि घाबरत अर्धवट टाकलेला पायच अधिक वाकडा पडतो. ही धास्ती समजावून जात नाही. शेकडो वेळा नीट उतरल्यानंतर हळूहळू विरते.

इथवर एकट्या खेळाडूचे झाले. संघाचेही काही असते. दहा महिन्यांत संघ थांबून राहत नाही. आमचा सेंटर सहा फूट तीन इंच, मी पाच फूट अकरा. तो असताना चेंडू आत त्याच्याकडे जाई आणि बाकीचे चौघे त्याच्याभोवती खेळत. मला तसे खेळणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही बाहेरून जलद पास देत पळण्याचा खेळ बसवला, आणि तो बऱ्यापैकी बसला. तो परतला तेव्हा आम्हा चौघांचे हात या नव्या तालात पडलेले होते. तो कड्याजवळ हात वर करून उभा राही आणि चेंडू त्याच्याकडे जाईपर्यंत त्याची मोकळी जागा बंद झालेली असे. त्याचा गुडघा दहा महिन्यांमागच्या गुडघ्यासारखा नव्हता आणि आम्हीही दहा महिन्यांमागचा संघ नव्हतो. पाहणाऱ्यांना मात्र एकटा तोच अवघडलेला दिसत होता.

हे केवळ आपल्याकडचे नाही आणि केवळ नवख्यांचेही नाही. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना हिचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन हीट संघाकडून खेळताना तिच्या गुडघ्याला इजा झाली. इजा याच अस्थिबंधाची, वय वीस. फेब्रुवारीत श्रीलंकेत झालेली विश्वचषकाची पात्रता स्पर्धा तिला मुकावी लागली. सुमारे पाच महिन्यांनी ती थेट इंग्लंडमधल्या विश्वचषकात उतरली. २४ जून २०१७ रोजी डर्बी येथे इंग्लंडविरुद्ध तिने ७२ चेंडूंत ९० धावा केल्या आणि पाच दिवसांनी टाँटन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. सगळीकडे तिच्या पुनरागमनाचे कौतुक झाले. पुढच्या सात डावांत मिळून तिच्या धावा झाल्या ३६. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली आणि भारत ९ धावांनी हरला.

या सात डावांचे कारण गुडघाच होता, असा माझा दावा नाही. चांगला फलंदाजही ओळीने अपयशी ठरतो. पण हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या दोन सामन्यांवरून 'ती परतली' असे म्हणणारे आणि पुढच्या सातांवरून 'ती संपली' असे म्हणणारे, दोघेही घाई करत होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये किंबर्ली येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने १३५ धावा काढल्या, आणि त्या वर्षीची जगातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू म्हणून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिचीच निवड केली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. निवड समितीने २०१७ च्या सात डावांनंतर तिचा निकाल लावून टाकला असता, तर?

बास्केटबॉलमधले ठळक उदाहरण आमच्याच जागेवरचे आहे. कॅमेरूनमध्ये जन्मलेला जोएल एम्बीड हा सेंटर २०१४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संघाने निवडला. त्या वेळी त्याच्या उजव्या पावलातले एक हाड मोडलेले होते. त्यावर एक शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी दुसरी करावी लागली, आणि पुरती दोन वर्षे तो एकही सामना खेळला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो पहिल्यांदा उतरला तेव्हा २२ मिनिटांत त्याने २० गुण मिळवले. एवढा खेळ दाखवूनही त्याला जास्त मिनिटे दिली गेली नाहीत. किती मिनिटे खेळायचे ते आधी ठरलेले असे आणि लागोपाठ दोन दिवस सामने असले तर त्यांतला एक त्याने बसून पाहायचा असे. प्रेक्षक चिडत. तरीही त्या हंगामात गुडघ्याची नवी दुखापत झाली आणि ३१ सामन्यांवर त्याचा खेळ थांबला. पण तो पुन्हा परतला आणि २०२२-२३ च्या हंगामात त्या स्पर्धेचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. सर्वांच्या नशिबी असे येत नाही. २००७ साली सर्वांत आधी निवडला गेलेला ग्रेग ओडेन हा सेंटर गुडघ्याच्या एकामागून एक शस्त्रक्रियांतून पूर्णपणे कधी सावरलाच नाही.

दुसऱ्याच्या जागी उतरणाऱ्याचाही विचार या निमित्ताने व्हावा. २०२५ च्या त्याच विश्वचषकात प्रतीका रावल ३०८ धावा करून उपांत्य सामन्याच्या तोंडावर जायबंदी झाली. तिच्या जागी आलेल्या शेफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि ती सामन्याची मानकरी ठरली. प्रतीका चाकाच्या खुर्चीवरून मैदानात येऊन त्या आनंदात सामील झाली. तो प्रसंग पाहताना मला आमच्या संघातल्या दोघांची आठवण झाली. एकाची दुखापत ही दुसऱ्याची संधी असते, ही गोष्ट संघात कोणी मोठ्याने बोलत नाही. तो परतला की मी बाकावर जाणार, हे मला ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर आम्ही या विषयावर एकदाच बोललो. तो म्हणाला, "मला तुझी जागा नको, माझी हवी. दोन्ही एकच आहे, त्याला मी काय करू?" मी म्हणालो, "आधी डावा पाय टाक." आणि आम्ही उतरू लागलो.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणे देताना एक फरक विसरता कामा नये. त्यांच्यामागे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, यंत्रे आणि पगार असतो. आपल्याकडच्या मुलाचे नऊ महिने कसे जातात? त्याच्या घरी टोमॅटो आहे. तोडा सुरू झाला की वीस-वीस किलोचे क्रेट उचलून गाडीत भरायचे आणि नारायणगावच्या बाजारात न्यायचे. चालता-फिरता तरुण मुलगा घरात असताना बापाने मजूर लावायचा, याची शेजारी चर्चा करतात. वाकल्या गुडघ्याने क्रेट उचलून वळणे ही त्या कच्च्या कंडरेची परीक्षाच आहे. त्याच्या वडिलांनी एक हंगाम मजूर लावून काढला. शस्त्रक्रियेच्या खर्चात हा खर्चही धरला पाहिजे. दवाखान्याच्या बिलात तो दिसत नाही, इतकेच.

आणि पुढचा प्रश्न नोकरीचा. खेळातून आलेल्या ग्रामीण मुलाच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. पुरुषांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या दर्जाची कामगिरी लागते. घाई करून खेळला आणि तो गुडघा पुन्हा गेला, तर स्पर्धाही गेली आणि धावणेही गेले. थांबला तर या वर्षीची निवड हुकते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने हा हिशेब एकट्याने करावा, अशी अपेक्षा आपण करतो आणि वर त्याला घाबरट म्हणतो.

मग काय करता येईल? फार पैसा न लागणाऱ्या तीन गोष्टी मला सुचतात. पहिली, परतणाऱ्या खेळाडूची मिनिटे आधीच ठरवावीत आणि सामना कितीही रंगला तरी ती मोडू नयेत. आपल्या क्रीडाशिक्षकांनी हे केले. चाळीस मिनिटांच्या सामन्यात त्याला पहिल्यांदा सहा मिनिटे मिळाली, मग आठ, मग बारा. दुसरी, मैदानात घेण्यापूर्वी दोन्ही पायांची तुलना व्हावी. एका पायावरची उडी खडूच्या दोन रेघा आणि मोजपट्टी यांवरही मोजता येते. तिसरी, सराव सुरू होण्यापूर्वी वीस मिनिटे उडीवरून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीचे स्नायू बळकट करणे हे सर्वांनी करावे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने असा कार्यक्रम तयार केला आहे, आणि नियमाने केल्यास दुखापती बऱ्याच कमी होतात असे दिसून आले आहे. गुडघा तुटल्यावर दहा महिने देण्यापेक्षा आधी रोज वीस मिनिटे देणे स्वस्त आहे.

चौथी गोष्ट प्रेक्षकांसाठी. आपण टाळ्या वाजवतो त्या चेंडू कड्यात गेला म्हणून. परतलेल्या खेळाडूच्या बाबतीत पाहण्याच्या गोष्टी निराळ्या असतात. तो उडीवरून दोन्ही पायांवर सारखा आला का? चेंडूसाठी झेपावताना त्याची नजर वर राहिली का? वळताना दुखऱ्या पायावर भार टाकला का? हे पाहायला शिकलो, तर सामन्यातली त्याची सहा मिनिटेही रिकामी वाटणार नाहीत. मागच्या महिन्यातल्या सराव सामन्यात त्याने गर्दीत उडी घेतली, चेंडू मिळाला नाही, पण तो दोन्ही पायांवर अगदी हलकेच खाली आला आणि लगेच वळून पळाला. गुणफलकावर त्याची नोंद झाली नाही. बाकावरून मी मात्र जोराने ओरडलो.

सध्या तो सामन्याची सोळा मिनिटे खेळतो आणि उरलेली चोवीस मी खेळतो. आम्ही दोघे असताना वापरायचे खेळ आता वेगवेगळे बसवले आहेत. तो आत असला की सावकाश, मी आत असलो की पळापळ. पुढच्या हंगामात त्याची मिनिटे वाढतील आणि माझी कमी होतील असा रंग दिसतो. त्या वेळी तो पहिल्यासारखा खेळेल की आणखी निराळा, हे आज सांगता येत नाही. तोपर्यंत मैदानाच्या कडेला बसणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती, की त्याच्या एखाद्या चुकलेल्या चेंडूवरून त्याचा निकाल लावू नका. त्याला वेळ लागणार आहे, आणि तो वेळ तो दर रविवारी पावणेतीनशे पायऱ्या उतरून भरतो आहे.